बावीस वेळा ‘छान’

फोनवर नाव दिगंबरदादांचं आणि आवाज शालनवहिनींचा... मी राजापूरच्या एसटीत होते, भाचीकडे निघाले होते. नाव बघून सवयीने मीच आधी बोलायला लागले, “काय दादा, आज तर शुक्रवार नाही, आज कशी आठवण झाली?” मग वहिनी म्हणाल्या, “बाई, मी हाय. हे गेले.” गाडी हातखंब्याला थांबली तशी मी उतरले आणि रत्नागिरीकडे परत जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले. रडू येत नव्हतं, राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं. मागाहून समजलं, की सकाळी बंदरावर त्यांनी एका बोटीचं इंजिन दुरुस्त केलं, ते सुरू करून दिलं, आवाज नीट लागतोय का ते ऐकायला माशांच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि तिथून उठलेच नाहीत. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

दिगंबरदादा मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. मी शाळेत गणित शिकवायचे आणि त्याच ऑर्केस्ट्रात गायचे. त्यांना सगळे दादा म्हणत म्हणून मीही दादा म्हणायचे, मला सगळे बाई म्हणत म्हणून ते बाई म्हणायचे, आणि तीसएक वर्षांत आम्ही एकदाही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरलो नाही. शाळेत माझ्या नाकावरच्या रागाला पोरं टरकून असायची. दादांना मात्र त्याचं काहीही वाटत नसे. मी तणतणत असले की ते मान जराशी कलती करून ऐकत बसायचे, बिघडलेलं इंजिन ऐकतात तसे, आणि माझं संपलं की म्हणायचे, “झाला काय? आता चाय घ्या.”

बास गिटार म्हणजे काय, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. चार जाड तारा, खोल घुमणारा आवाज. तो ताल धरतो आणि सुरांच्या खाली पायाही घालतो, पण लोकांचं लक्ष गाणाऱ्याकडे आणि ढोलकीकडे. गुहागरकडच्या एका गावात गणपतीतला कार्यक्रम झाला आणि बिदागी देताना मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “हा कोपऱ्यातला माणूस नुसत्या तारा खाजवतो. ह्याचा आवाज तर काय येत नाय. पुढच्या वर्षी ह्याला आणू नका.” मी भडकले. दादा हसत वायरी गुंडाळत होते. म्हणाले, “बाई, जेवणात मीठ हाय ते दिसतं काय? ऱ्हाऊ द्या.” पुढच्या वर्षी खरोखरच आमच्या मॅनेजरने त्यांना वगळलं. मी गायले, पण सबंध कार्यक्रमभर माझा पाय कुठे टेकेना. मी गाणं पुढे पळवायची आणि मला मागे ओढून धरणारं कुणी नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर तेच अध्यक्ष जवळ आले, “यंदा गाण्यांत कायतरी कमी वाटतंय हो?” मी म्हटलं, “मीठ.” त्यांना काही ते कळलं नसावं, पण मला फार बरं वाटलं.

पुढे डीजे आले, मोबाइलवर तयार ट्रॅक लावून गाणारे आले, आणि आमचा ऑर्केस्ट्रा कधी बंद पडला ते आमचं आम्हालाही नीट सांगता येणार नाही. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज बदलला. इतका खाली आणि जाड झाला, की गॅसवाला फोनवर मला ‘साहेब’ म्हणायला लागला. हे मी हसत सांगते, पण तेव्हा हसू येत नव्हतं. एकदा एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला आग्रह झाला म्हणून मी जुनं गाणं धरलं आणि वरच्या ओळीला आवाज फाटला. एका भल्या बाईने मला सावरायला मध्येच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी विसरू शकले नाही. घरी येऊन गाण्यांच्या वह्या माळ्यावर टाकल्या. गाणं सुटलं, असं मी लोकांना सांगायची. खरं तर ते मी हाताने सोडलं होतं, आणि रोज त्याची आठवण काढत होते.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी दादा एक जुनी कॅसेट घेऊन आले. आमचा कुठलासा कार्यक्रम कुणीतरी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून भरला होता. कॅसेटवरची गाणी त्यांनी आता फोनमध्ये घेतली होती. त्यात माझा आवाज होता, ढोलकी होती, लहान मुलांचं रडणं होतं, निवेदकाचं खोकणंसुद्धा होतं. बास नव्हता. दादा म्हणाले, “पंचवीस वर्षां वाजवलं बाई, आणि ह्यात मी कुठंच नाय.” ते तक्रार म्हणून बोलले नव्हते, पण मला गलबलून आलं. मग म्हणाले, “मना आपली सगळी गाणी नीट भरून ठेवायची हायत. बास मी भरतो. वर तुमी गायचं.” मी म्हटलं, पहिलं होईल, दुसरं होणार नाही. त्यांनी मान हलवली. कशाला हलवली, ते मला तेव्हा समजलं नाही.

आणि मग सुरू झाली सामानाची निवड. घर पाहावं बांधून तसं साउंडकार्ड पाहावं घेऊन, असं मी आता कुणालाही सांगेन. दादांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला बासमधलं काही कळत नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉपवर एकेका वस्तूची माहिती मोठ्याने वाचून मराठीत सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. असे आम्ही सबंध उन्हाळाभर बसलो. मुंबईतल्या एका ओळखीच्या वादकाने सांगितलं होतं, की मोठा अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, घ्या, त्याच्यापुढे चांगला माइक लावा, खोलीला गाद्या मारा. दादा म्हणाले, “गाद्या कशाला? मना रेकॉर्डिंग करायचं हाय, बाळंतपण नाय.” त्यांचं गणित साधं होतं. माइक घेतला की खोली चांगली लागते, खोली चांगली केली तरी शेजारचा कोंबडा राहतोच. त्यापेक्षा गिटारची वायर सरळ साउंडकार्डाच्या पेटीत घालायची आणि तिथून लॅपटॉपमध्ये. मधे हवाच नको. अँपचे आणि माइकचे पैसे वाचले, त्यातले थोडे त्यांनी हेडफोनवर घालायचे ठरवले. मला ते उधळपट्टीचं वाटलं. कानाला लावायची वस्तू, तिच्यावर एवढा खर्च? तर म्हणाले, “बाई, लहान स्पीकर खालचा सूर सांगतच नाय. तो लबाड असतो. खालचं कळायला चांगला हेडफोनच लागतो.” हे वाक्य मी ऐकलं होतं. अगदी माझ्याच घरात, माझ्याच कानांनी ऐकलं होतं, आणि पुढे सोयीस्कर विसरले.

साउंडकार्ड जुनंच घ्यायचं ठरलं. गणपतीपुळ्याला एका लॉजवाल्याने हौसेने यूट्यूब चॅनल काढला होता आणि हौस फिटल्यावर सामान विकायला काढलं होतं. आम्ही दोघं गेलो. लॉजवाला बटणं दाखवू लागला, यात अमुक इफेक्ट, यात देवळात गातोय असा आवाज येतो. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग गिटार न जोडताच हेडफोन लावला, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि काही नसताना काय ऐकू येतंय ते ऐकत बसले. “फार सूं करत नाय,” एवढं मला म्हणाले. ज्या भोकाशेजारी गिटारचं चित्र होतं तिथे वायर घातली, कारण दुसऱ्या भोकात घातली तर बास पातळ होतो, ताकात पाणी ओतल्यासारखा. आणि मग सर्वांत जाड तार एकदाच छेडली. तिचा आवाज मरेपर्यंत ते हलले नाहीत. लॉजवाला माझ्याकडे बघायला लागला, की यांना बरं वाटतंय ना? दादांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “घेऊया.” परत येताना गाडीत ती पेटी त्यांनी मांडीवर धरली होती. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा असा की नव्या दप्तराची पोरं आठवावीत.

तरी पहिल्या दिवशी माझ्या घरी घोटाळा झालाच. लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनात घूं सुरू. मी म्हटलं, झालं, लॉजवाल्याने फसवलं. दादांनी चार्जर काढला, घूं थांबलं. घराबाहेर जाऊन त्यांनी आमचं अर्थिंग बघितलं. आमच्याकडे सगळा जांभा, उन्हाळ्यात खडखडीत वाळतो, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल म्हणून राहत नाही. त्यांनी खड्डा उकरला, त्यात मीठ-कोळसा घातला, आणि मला सांगितलं की रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री तिथे दोन बादल्या पाणी ओतत जा. शेजारीण विचारायची, “बाई, तिथं काय लावलंय?” मी सांगायची, “बास.”

शुक्रवारी बंदरावर काम कमी असायचं, म्हणून शुक्रवारी साडेतीनला दादा यायचे. दारात चप्पल काढून आधी मोरीवर जायचे. डिझेलचे हात कपड्याच्या पावडरीने आणि भाताच्या तुसाने घासघासून धुवायचे, कारण तारांना तेल लागलं की आवाज बसतो. खारी हवा तारांना आधीच गंज आणते, त्यात आपली भर नको, असं म्हणायचे. मग खिडकीपाशी खुर्चीवर बसून हेडफोन लावायचे आणि वाजवायला लागायचे. इथे एक गोष्ट सांगायला हवी. अँप नसला की बास गिटार खोलीत ऐकूच येत नाही. सगळा सूर वायरीतून वाजवणाऱ्याच्या कानात जातो, बाहेरच्याला फक्त बोटांची टुकटुक. मी तिथेच बसून शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासायची, कुकर लावायची, फोनवर बोलायची. त्यांना कशाचाही त्रास नव्हता. ते ओठ मिटून, मान किंचित हलवत वाजवायचे आणि मला ऐकू यायची टुकटुक. दोन माणसं एका खोलीत, आणि गाणं एकाच्याच कानात... मला ते तसंच बरं होतं.

एकदाच आमचं बिनसलं. एक गाणं भरून झालं आणि त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरला. “बाई, एकदा लावून बगा. तोंडातल्या तोंडात म्हणा.” मी म्हटलं माझ्या कुड्या दुखतात त्याने. ते म्हणाले, “काढा मग कुड्या.” आणि माझा तोल गेला. “माझा आवाज मेलाय, दादा. मेलेल्याला किती वेळा हाक मारणार आहात? पुन्हा हे विचारू नका.” शाळेत वापरायची तो आवाज मी वापरला. त्यांनी हेडफोन गुंडाळून ठेवला आणि चहा न घेता गेले. पुढच्या शुक्रवारी मात्र ठरल्या वेळी आले, हात धुतले, बसले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्याऐवजी गाणं भरून झालं, की ते माझ्या फोनवर पाठवायला लागले.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते. त्यांनी बावीस गाणी पाठवली आणि मी बावीस वेळा ‘छान’ असं उत्तर लिहिलं. ऐकलं होतं का? फोन ओट्यावर ठेवून लावलं होतं. फोनच्या चिमूटभर स्पीकरातून कुठेतरी कुणी पाटावर बोट आपटतंय, एवढंच यायचं. ते मी थोडं ऐकायची, ‘छान’ लिहायची आणि आमटीला फोडणी द्यायची. कुड्यांचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला ती गाणी ऐकायचीच नव्हती. माझ्याशिवाय ती पुरी होतात हे मला बघवलं नसतं. एकदा बंदरावर मासळी घ्यायला गेले होते, तर दादा इंजिनाखालून बाहेर आले. “ऐकलंत काय, बाई?” “ऐकलं की.” “सगळी?” “सगळी.” “मग? कायच वाटलं नाय?” मी म्हटलं, “छान आहेत.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. थोडा जास्तच वेळ बघितलं. मग “बरं” म्हणाले, ओळखीच्या कोळणीला सांगून मला ताजे बांगडे काढून दिले आणि पुन्हा इंजिनाखाली गेले. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला त्यांच्या तेराव्यानंतर कळलं.

तेरावं झालं आणि पुढच्या आठवड्यात शालनवहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “बाई, चाळीस वर्षां संसार केला. हे घरात वाजवायचे ते नुस्तं टुकटुक. स्टेजवर वाजवायचे तवा मी पोरं सांभाळीत घरी. तुमच्याकडं यांचं भरलेलं हाय ना? मना ऐकवा.” मी लॅपटॉप काढला. त्यांना हेडफोन लावून दिला, पहिलं गाणं सुरू केलं. वहिनींनी दचकून दोन्ही हातांनी कान दाबून धरले. मला वाटलं आवाज मोठा झाला. तर त्या म्हणाल्या, “एवढा मोठा व्हता यांचा आवाज?” आणि पदर तोंडाला लावून बसल्या. पाच गाणी त्यांनी ऐकली, अजिबात न हलता. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “तुमी ऐका आता. तुमाला कळतं त्यातलं.” वहिनींसमोर कुड्यांचं कारण सांगायची मला लाज वाटली. मी कुड्या काढल्या.

ते गाणं मी स्टेजवर शंभरदा तरी गायले असेन. बासचे पहिले चार ठोके, मग माझी जागा, हे माझ्या अंगात भिनलेलं. ठोके आले आणि मनातल्या मनात मी सूर धरला, तर तो जुळेना. मला वाटलं दादा चुकले, किंवा गिटार उतरलेली होती. दुसरं लावलं. तेही खाली. तिसरं, सातवं, पंधरावं... मी वेड्यासारखी एकेक लावत गेले. बावीसच्या बावीस गाणी त्यांनी मूळ पट्टी सोडून खाली घेतली होती. सगळी सारखी नाहीत. ज्यात माझी वरची ओळ फार वर जायची ते जास्त खाली, ज्यात कमी जायची ते कमी. माझा हा जाडा, मेलेला आवाज कुठवर पोचतो ते त्यांनी नेमकं हेरलं होतं. कधी, कसं, देव जाणे. मी बोलत असायची आणि ते ऐकत असायचे, एवढंच माझ्या लक्षात आहे. पुन्हा विचारू नका असं मी बजावलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. बासमधून सांगितलं. बावीस वेळा सांगितलं. आणि मी...

दादा, मी ऐकलं नव्हतं हो. मला आवडलं नाही म्हणून मी गप्प बसले असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नव्हतं. हे तुम्हाला सांगता आलं असतं तर मी आणखी काही मागितलं नसतं.

वहिनींनी विचारलं, “काय झालं, बाई?” मी पहिलं गाणं पुन्हा लावलं. चार ठोके आले आणि मी तोंड उघडलं. सूर बसला. घोगरा, जुन्या बाजेसारखा करकरणारा, पण बसला. बास फक्त माझ्या कानात होता, वहिनींना ऐकू येत होता तो माझा उघडाबोडका आवाज. त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. धृपद झालं, पहिलं कडवं झालं, ती वरची ओळ आली, आणि वर जावंच लागलं नाही इतक्या सहज ती आली. तिथे मात्र माझा धीर सुटला. मी थांबले. ते थांबले नाहीत. माझ्या कानात ते तसेच, न घाई करता, शांतपणे चालत राहिले. वहिनी हळूच म्हणाल्या, “गा की, बाई.” मी डोळे पुसले, ते कुठवर पोचलेत ते ऐकलं आणि पुढच्या कडव्यापाशी त्यांना गाठलं.